पोर्टचे माप

ध्वनिवर्धकाच्या लाकडी पेटीला समोरच्या बाजूस जे गोल भोक असते, त्याला मराठीत रूढ असा शब्द नाही. पेट्या बनवणारे कारागीर त्याला ‘पोर्ट’ म्हणतात, आपणही तसेच म्हणू. पेटीच्या आत या भोकाला एक नळी जोडलेली असते. तिचा व्यास किती आणि लांबी किती, एवढाच प्रश्न आहे. पण त्याच्या उत्तरावर पेटीचा खर्ज कसा बोलेल हे ठरते. माझ्यासारख्या भाषेच्या अध्यापकाला या प्रश्नात शिरावे लागले त्याचे कारण घरातच होते.

माझे वडील, अण्णा, आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. तारुण्यात त्यांनी हौसेने, पण रीतसर तबला शिकला. गेल्या काही वर्षांत त्यांचे कान मंदावले. वार्धक्यातील बहिरेपण सहसा वरच्या वारंवारतांपासून सुरू होते. म्हणजे भाषेच्या अंगाने पाहायचे तर आधी व्यंजने जातात : स, श, फ, च यांसारखी. स्वर बराच काळ शाबूत राहतात. समोरचा बोलतो आहे हे कळते, पण काय बोलतो आहे हे कळत नाही, कारण शब्दाशब्दांतला भेद बव्हंशी व्यंजनांनी तोललेला असतो. श्रवणयंत्र लावूनही अण्णांना संभाषण दुरापास्त झाले. तबल्यातही हाच क्रम लागला. चाटेवरचा कोरा ‘ना’ पुसट झाला. उरला तो डग्गा. त्याचा मूळ स्वर बहुधा शंभर हर्ट्झच्या खालीच असतो, आणि तेथवर अण्णांचे कान अजून पोहोचतात. आमच्याकडचे छोटे स्पीकर मात्र तेथवर पोहोचत नव्हते. म्हणून ही पेटी.

पोर्ट कशासाठी असते हे समजायला घागर पुरते. आश्विन शुद्ध अष्टमीला कोकणस्थांच्या घरी महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात. काठावरून फुंकर गेली की घागर आपल्या ठरलेल्या स्वरातच घुमते. फुंकणारी बदलली तरी स्वर तोच राहतो, कारण तो ठरतो घागरीच्या पोटातल्या जागेने आणि तोंडाच्या मापाने. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा पोकळ पात्रांचा उपयोग नादाचे पृथक्करण करण्यासाठी केला. पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि तोंडातली हवा त्या स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी. ध्वनिवर्धकाचा पडदा पुढे जो नाद फेकतो त्याच्या नेमका उलटा नाद मागे फेकतो. दोन्ही एकत्र आले तर खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. मागचा नाद पेटीत कोंडणे हा एक उपाय. बेल प्रयोगशाळेतील थुरास यांनी १९३२ साली ज्याचे पेटंट मिळवले तो उपाय निराळा : तोच मागचा नाद घागरीच्या तोंडातून फिरवून, पुढच्याशी जुळवून बाहेर काढणे. आपल्या परिभाषेत म्हणायचे तर बंद पेटी हा डग्गा, पोर्टची पेटी ही घागर.

पुढची कित्येक वर्षे नळीचे माप बव्हंशी अंदाजाने आणि कानाने ठरत असे. ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ साली, आणि पुढे १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी या अंदाजाला गणिताची बैठक दिली. आज कर्ण्याबरोबर येणाऱ्या कागदावर त्या दोघांच्या नावाने ओळखले जाणारे आकडे छापलेले असतात.

मी तपकीर गल्लीतून दहा इंची कर्णा आणला. अठरा मिलिमीटर प्लायची, आतून ४६ सेंटिमीटर खोल अशी पेटी सुताराकडून करवून घेतली. कर्णा, नळी आणि आतले आडवे टेकू यांनी व्यापलेली जागा वजा जाता ६० लिटर उरले. ही पेटी ३० हर्ट्झवर घुमवायची तर १० सेंटिमीटर आतल्या व्यासाची नळी सुमारे ३६ सेंटिमीटर लांब हवी. व्यास निम्मा, म्हणजे ५ सेंटिमीटर केला, तर ७ सेंटिमीटरचा तुकडाही पुरतो. कुणालाही हा स्वस्त मार्ग पटेल. पण एवढ्या अरुंद वाटेने तेवढीच हवा ये-जा करू लागली की तिचा वेग वाढतो आणि खर्जाबरोबर फुसफुस ऐकू येते. हा वेग सेकंदाला १७ मीटरच्या, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पाच टक्क्यांच्या आत राखावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. उलट व्यास १५ सेंटिमीटर घ्यावा, तर नळी ८७ सेंटिमीटर होते; ती पेटीत मावतच नाही. १० सेंटिमीटरची, ज्याला दुकानात ‘चार इंची’ म्हणतात ती पीव्हीसी नळी दोहोंच्या मध्ये बसते. ३६ सेंटिमीटर आत गेल्यावरही मागच्या भिंतीपाशी तिच्या व्यासाइतकी मोकळी जागा राहते, आणि तेवढी लागतेच.

व्यास असा ठरला. लांबीचा प्रश्न मात्र गणिताने सुटणारा नव्हता, कारण ती रुचीची बाब आहे. त्याच व्यासाच्या तीन नळ्या कापल्या : १२, २३ आणि ३६ सेंटिमीटर. त्यांनी पेटी अनुक्रमे ४५, ३६ आणि ३० हर्ट्झवर लागते. आखूड नळीचा खर्ज पहिल्या क्षणी दिपवतो. सिनेमातला स्फोट छातीवर येतो. माझ्या भाच्याने तीच पसंत केली. पण डग्गा हा एका स्वराचा नसतो. मनगटाच्या दाबाने त्याचा घुमारा खालून वर सरकत जातो, आणि बोलाला जो अर्थ येतो तो या सरकण्याने येतो. १२ सेंटिमीटरच्या नळीमुळे आमच्या पेटीत ५० हर्ट्झच्या वर एक उंचवटा तयार होई. घुमारा त्या ठिकाणी आला की अकारण फुगे आणि पुढे गेला की एकदम खचे. शिवाय पोर्ट जेथे घुमते त्याच्या आसपास नाद किंचित रेंगाळतो. हे रेंगाळणे टाळता येत नाही. ते वाद्याच्या कक्षेखाली ढकलता येते, एवढेच. लांब नळीने ते काम होते. तिचा खर्ज कमी भरतो, पण घसरण अखंड राहते.

निवड अण्णांवर सोपवली. थिरकवाँ खाँसाहेबांचे एकलवादन लावले. हेच खाँसाहेब एके काळी बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला होते, हे अण्णांनी मला लहानपणी अनेकदा सांगितले होते. आखूड नळीवर ते म्हणाले, “हा ढोल झाला.” मधल्या नळीवर काही बोलले नाहीत. तिसरीवर त्यांची बोटे मांडीवर मात्रा मोजू लागली आणि ती समेवर बरोबर आली.

“अण्णा, हीच ठेवू?” मी विचारले. त्यांना ते ऐकू आले नाही. वहीत लिहून दाखवले तेव्हा त्यांनी मान हलवली.

पोर्ट ज्या स्वरावर लागलेले असते त्या स्वराला कर्ण्याचा पडदा जवळजवळ स्तब्ध असतो, आणि नाद निघतो तो नळीतल्या हवेतून. या हवेचे वजन मी काढून पाहिले. ते जेमतेम चार ग्रॅम भरते. अण्णांना मी हेही वहीत लिहून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि उठून पोर्टच्या तोंडाशी तळवा धरला.

आमचे बोलणे हल्ली बरेचसे वहीतच चालते. पेटीमुळे त्यांना व्यंजने परत मिळालेली नाहीत, आणि गाणे त्यांना आजही शब्दांशिवायच ऐकू येते. पण सकाळी डग्गा वाजत असतो तेव्हा आम्ही दोघे एकच गोष्ट, एकाच वेळी ऐकत असतो.