चुना लावलेला मका

हळदीच्या पानातल्या पातोळ्या म्हटलं की कोकणातला माणूस जसा हळवा होतो, तसाच मेक्सिकन माणूस 'तमाल' म्हटल्यावर होतो. आपल्या तमालपत्राशी याचं काही नातं नाही. मूळ शब्द नाहुआत्ल भाषेतला, 'तमाल्ली'. मक्याचं मळलेलं पीठ, पोटात सारण, वरून पान आणि मग वाफ. म्हणजे पातोळीच्याच कुळातला पदार्थ!

पण 'तमाल' नावाचा एकच एक पदार्थ नाही, हे टेक्सासमध्ये राहून आम्हांला कळत गेलं. कोकणातली आमटी आणि कोल्हापूरचा रस्सा यांत जेवढं अंतर, तेवढंच इथेही. उत्तर मेक्सिकोतले तमाल सडपातळ, कणसाच्या वाळक्या सालीत बांधलेले. दक्षिणेला ओआहाकात केळीचं पान येतं, आणि आत मिरच्या, मसाले व थोडं चॉकलेट वाटून केलेला काळा 'मोले'. मिचोआकानमधल्या 'कोरुंदा' मक्याच्या ताटाच्या लांब हिरव्या पानात गुंडाळतात. दिसायला आपल्या समोशासारख्या. तिथलेच 'उचेपो' कोवळ्या मक्याचे, गोडसर. युकातानात नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या सणाला, भला मोठा तमाल जमिनीत खड्डा करून भाजतात. आणि उआस्तेका भागातला 'साकाउइल' तर मीटरभर लांब. एकात सारी आळी जेवते.

पानं बदलतात, सारण बदलतं. बहुतेक ठिकाणी बदलत नाही तो चुना. होय, आपण विड्याला लावतो तोच! वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात. त्यानं दाण्याची साल सुटते, पीठ मळण्याजोगं चिकट होतं, आणि मक्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. आपल्याकडे चुना लावणं म्हणजे फसवणं. तिथे मात्र चुना लावूनच पिढ्यान्‌पिढ्या तगल्या.

कोलंबसानंतर मका युरोपात गेला. दाणे जहाजात चढले, चुन्याची रीत मात्र किनाऱ्यावरच राहिली. स्पेन आणि उत्तर इटलीतले गरीब लोक मक्यावरच जगू लागले आणि त्यांना पेलाग्रा जडला: कातडी सोलवटणे, जुलाब, शेवटी भ्रम. स्पेनच्या गास्पार कासाल या वैद्यानं 1735 मध्ये त्याची नोंद केली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेतही यानं हजारो माणसं दगावली. हा संसर्ग नव्हे, आहारातली उणीव आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर 1914 पासून जीव तोडून सांगत होते. ती उणीव नायसिनची, हे कळायला 1937 उजाडलं. आणि शेजारच्या मेक्सिकोत बायका रोज सकाळी चुन्यातला मका धूत होत्या!

इंजिनीअर असल्यामुळे असेल, पण ही गोष्ट आमच्या डोक्यातून जात नाही. वस्तू सहज समुद्र ओलांडते, रीत ओलांडत नाही.

आमच्या शेजारच्या आजी मिचोआकानच्या. डिसेंबरात त्यांच्याकडे घरादाराची 'तमालादा' बसते आणि आम्हांलाही बोलावणं असतं. आम्ही शाकाहारी म्हणून एक पातेलं खास मिरची-चीजचं. पिठाची गोळी पाण्यात टाकायची. तरंगली की पीठ जमलं. नातवंडं एरवी इंग्रजीतच बोलतात, पण त्या टेबलावर आजी स्पॅनिशशिवाय बोलत नाहीत. सालीची गुळगुळीत बाजू वर घे, पातळ पसर, कडेला जागा सोड. हात कामात असतात आणि भाषा नकळत आत जाते. आमची मुलंसुद्धा पाच-दहा शब्द उचलून येतात.

आता आपल्याकडे बघा. मोदक हल्ली इंडियन स्टोअरच्या फ्रीझरमध्ये मिळतात आणि गणपतीबाप्पाही ते गोड मानून घेतो. पण 'उकड', 'पारी', 'कळ्या' हे शब्द काही फ्रीझरमध्ये मिळत नाहीत. ते पिठाच्या हातांनीच शिकावे लागतात.

म्हणून यंदा भाद्रपदात आम्ही मंडळाच्या स्वयंपाकघरात एक टेबल मुलांसाठी मागून घेतलं आहे. परात आमची, तांदळाची पिठी आमची. मोदक फुटले तरी चालतील. टेबलावर बोलणं मात्र मराठीतच. तुमच्याकडच्या आजी पाठवाल ना?