चिलापी: नर की मादी

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या गावाला तलाव असतोच. धानाच्या बांध्यांना पाणी देणारे हे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि त्यांच्याभोवतीच्या लहानमोठ्या बोड्या ढिवर समाजाच्या मासेमारीचा आधार आहेत. आज विदर्भातल्या अनेक तलावांच्या जाळ्यांत कटला-रोहूबरोबर तिलापिया सापडतो. बाजारात त्याला चिलापी म्हणतात. हा मासा इथला नाही. आफ्रिकेतल्या मोझांबिकची ही जात 1952 मध्ये भारतात आणली गेली, आणि तिचं कूळ सिक्लिड, म्हणजे शहरातल्या दुकानांत निळ्यापिवळ्या रंगांनी चमकणाऱ्या मलावी सरोवरातल्या माशांचंच. जाळ्यातली बोटभर चिलापी पोरं बादलीतून घरी आणतात, ओसरीवरच्या काचेच्या टाकीत सोडतात, आणि ती तिथे वर्षानुवर्षं जगते. हा घरातलाच एक प्राणी होतो. त्याच्याविषयी पहिला प्रश्न विचारला जातो तो नर की मादी हा, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा रंग पाहून दिलं जातं. माझं म्हणणं असं की रंगावरून मिळतं ते त्या माशाच्या टाकीतल्या अधिकाराचं उत्तर. नर-मादीचा निर्णय त्याच्या शरीराच्या खालच्या बाजूला आणि त्याच्या आयुष्याच्या क्रमात शोधावा लागतो.

लहानपणी सगळ्या चिलाप्या सारख्याच दिसतात: राखाडी-रुपेरी अंग, कुशीवर तीन-चार काळसर ठिपके. दोन-तीन महिन्यांतच त्या वयात येऊ शकतात, आणि गर्दीच्या टाकीत तर अगदी लहान आकारातच. मग एखादा मासा काळा पडू लागतो, त्याचा गळा पांढरा होतो, परांच्या कडांना लाली चढते. तो तळाची वाळू तोंडाने उपसून खड्डा करतो आणि बाकीच्यांना तिथून हाकलतो. हा नर, यात शंका नाही. घोटाळा होतो तो उरलेल्यांच्या बाबतीत, कारण राखाडी राहिलेले सगळे मासे माद्या असं धरलं जातं. दबून राहिलेला नर हुबेहूब मादीसारखा फिकट राहतो. काळ्या नराला टाकीतून काढलं की तोवर मादी समजलेला एखादा मासा काळा पडतो. टांगानिका सरोवराकाठच्या ‘बर्टोनी’ या सिक्लिडवर अमेरिकेतल्या रसेल फर्नाल्ड यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यात हा बदल काही मिनिटांत सुरू होताना दिसतो. खुद्द चिलापीविषयीचा पुरावा तर आणखी बोलका आहे. ऑलिव्हेरा आणि अल्माडा या पोर्तुगीज संशोधकांनी 1998 मध्ये नोंदवलं की वरचढ नर फिकट नरांपुढेही मादीपुढे करतात तसाच प्रणय करतात. जिथे खुद्द त्या जातीचा नर फिकट नरापुढे प्रणय करतो, तिथे काचेबाहेरच्या माणसाने रंगाच्या भरवशावर ‘एक नर, चार माद्या’ असं म्हणणं धाडसाचं आहे.

आकारही असाच दगा देतो. नर लवकर वाढतो हे खरं, आणि म्हणूनच मत्स्यशेतीत सगळे नर असलेलं बीज मागितलं जातं. पण दबलेल्या नराच्या वाट्याला अन्न कमी येतं आणि तो खुरटतो. तोंडाचं तर उलटंच असतं. जी पिल्लं तोंडात सांभाळते तिचंच तोंड मोठं असणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पूर्ण वाढलेल्या चिलापी नराचेच जबडे जाड होतात, ओठ सुजल्यासारखे दिसतात आणि कपाळाची रेघ आत वळते. ते तोंड भांडणाचं आहे. त्यावरून आईपण ओळखायला गेलं तर नेमका बाप हाती लागतो.

यावर जाणकार म्हणतील की सगळ्या सिक्लिडना एकाच मापाने मोजू नका. ते बरोबर आहे. मलावीतल्या ‘लोंबार्डोई’ या जातीत नर पिवळा आणि मादी निळसर असते. ‘ऑरेटस’मध्ये मादी पिवळी आणि वरचढ नर काळपट असतो. अशा जातींत रंग खरंच उपयोगी आहे, पण त्यातही दबलेला ऑरेटस नर पिवळाच राहतो, म्हणजे अडचण तीच. ‘यलो लॅब’ नावाच्या पिवळ्याजर्द माशात नर-मादी दोघंही पिवळी. नराच्या परांचा काळा रंग गडद असतो म्हणतात, पण वरचढ मादीचे परही तसेच गडद होतात. शिवाय व्यापारात काही रंगीत मासे संप्रेरकं देऊन रंगवलेले असतात आणि मूळच्या राखाडी माद्या नरासारख्या चमकतात. राहिले गुदपरावरचे पिवळे गोल ठिपके. वोल्फगांग विकलर यांनी 1962 मध्ये त्यांचा अर्थ मांडला: ते अंड्यांसारखे दिसतात, मादी ती ‘अंडी’ टिपायला जाते आणि नराचं वीर्य तिच्या तोंडात जाऊन तिथल्या खऱ्या अंड्यांचं फलन होतं. कल्पना सुंदर आहे आणि तिच्यावर पुढे बराच वादही झाला. पण लिंग ओळखण्याच्या कामी तिचा आधार तोकडा पडतो, कारण अनेक जातींच्या माद्यांनाही हे ठिपके असतात, फक्त जरा फिके. चिलापीला तर ते नसतातच.

मग शरीरच का पाहू नये? जरूर पाहावं, आणि मत्स्यबीज केंद्रांत हातानं निवड करणारे तेच करतात. मासा ओल्या हातात उताणा धरायचा. गुदद्वाराच्या मागे एक लहान उंचवटा असतो. नरात तो लांबट, टोकदार असतो आणि त्याच्या टोकाशी एकच छिद्र असतं, मूत्र आणि वीर्य दोन्हींसाठी. गुदद्वार धरून दोन छिद्रं झाली. मादीत उंचवटा आखूड, रुंद असतो आणि त्यावर अंडी बाहेर येण्याची आडवी फट असते. मूत्राचं बारीक छिद्र वेगळं असतं, म्हणजे एकूण तीन. मिथिलीन ब्लूचा थेंब कापसाने लावला की ती आडवी फट निळ्या रेषेसारखी उठून दिसते. इतका स्पष्ट पुरावा असताना आयुष्यभराची वाट कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. त्याला माझं उत्तर असं की हा पुरावा वयाच्या मर्यादेत चालतो. वीस-पंचवीस ग्रॅमच्या खालच्या माशात फट नीट उमटलेली नसते, आणि घरी माणूस मासा आणतो तो याच वयाचा. त्या वयात पुन्हापुन्हा पाण्याबाहेर काढून दाबून पाहण्यात खवले निघतात, अंगावरचा चिकट थर जातो आणि मासा आजारी पडतो. एवढं करून उत्तर अर्धवटच मिळतं. तो वाढेपर्यंत थांबून एकदाच पाहावं.

आणि थांबलं की मादी स्वतःच सांगते. नराच्या खड्ड्यात ती अंडी घालते, लगेच तोंडात घेते आणि टाकीच्या कोपऱ्यात जाऊन राहते. गळा फुगलेला, तोंड मिटलेलं, मधूनमधून जबडा चघळल्यासारखा हलतो, कारण आतली अंडी ती घोळवत असते. दाणे टाकले तरी येत नाही. तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात, पण पिल्लं लगेच मोकळी होत नाहीत. पुढेही काही दिवस ती बाहेर चरतात आणि सावली पडली की आईच्या तोंडात शिरतात. हा सगळा काळ जवळजवळ तीन आठवड्यांचा. ती खंगते, पोट आत जातं, डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसतं. टाकीतल्या तिच्या आयुष्यातला हा सर्वांत कष्टाचा भाग आहे आणि सर्वांत निःसंशय पुरावाही. नर नसतानाही मादी कधी अंडी घालून तोंडात धरते. ती फुटत नाहीत आणि काही दिवसांनी ती गिळून टाकते. त्यामुळे पिल्लं झाली नाहीत म्हणून ती मादी नव्हे, असं म्हणता येत नाही.

इथे सर्वांत मोठी हरकत आपल्याच पाण्यातून येते. इथल्या ओढ्यांत आणि बोड्यांत मरळीच्या कुळातली एक ठेंगणी जात राहते आणि तिच्यात अंडी-पिल्लं तोंडात सांभाळतो तो नर. कोकण किनाऱ्याच्या शिंगाळ्यातही बापच अंडी तोंडात धरतो. चिलापीच्या जवळच्या नात्यातल्या, पश्चिम आफ्रिकेतल्या काळ्या हनुवटीच्या तिलापियातही हे काम नराचं आहे. म्हणजे भरलेलं तोंड मादीचंच, हा नियम सर्वांना लागू होत नाही. पण त्यामुळे तोंडाचा पुरावा बाद होत नाही. आधी जात निश्चित करावी लागते एवढंच. मोझांबिक चिलापीत आणि दुकानातल्या बहुतेक मलावी माशांत ते काम आईचं आहे आणि तिथे हा पुरावा पक्का आहे.

चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा विषयही इथे निघतो. पारा 45 अंशांपलीकडे जातो, टाकीचं पाणी तापतं, आणि उष्णतेने माद्यांचे नर होतात असं कुणी ऐकलेलं असतं. त्यात तथ्याचा एक अंश आहे. नाईल तिलापियाची पिल्लं खायला लागण्याच्या सुमारास दहाएक दिवस 36 अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवली तर नरांचं प्रमाण वाढतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. तो परिणाम त्या कोवळ्या दिवसांपुरता आहे. वाढलेली मादी मे महिन्यात नर होत नाही. मेमध्ये अचानक काळा पडलेला मासा हा आधीपासूनच नर असतो. तापलेल्या पाण्यात चिलापीला खरा धोका आहे तो कमी प्राणवायूचा, आणि तोंड अंड्यांनी भरलेल्या आईला तो अधिक. वीज गेली की पंप बंद पडतो, तेव्हा टाकी सावलीत असणं आणि पाणी थोडं थोडं बदलणं हेच तिच्या उपयोगाचं.

हे सगळं इतक्या बारकाईने पाहायचं ते यासाठी की चुकीच्या ओळखीचा भार मादीवर पडतो. दोन नर आणि एक मादी अशी टाकी झाली, तर पिल्लं सोडून अशक्त झालेल्या तिला पुन्हा अंडी घालायला हुसकावलं जातं, लपायला जागा नसते, आणि ती मरते. उलट अजाणता जोडी जमली तर काही महिन्यांत टाकीत शेकडो पिल्लं होतात. मग जवळच्या तलावात नेऊन सोडणं हा दयेचा मार्ग वाटतो. तलावात ती आहेच की, असंही म्हटलं जातं. पण ती एका तलावात आहे म्हणून शेजारच्या बोडीत असतेच असं नाही, आणि जिथे चिलापी शिरते तिथे लहान वयात आणि वारंवार वीण करून ती इथल्या माशांची जागा आणि अन्न व्यापते. पिल्लं तोंडात जपणारी ती ठेंगणी मरळही याच बोड्यांवर जगते. चिलापी इथे आवडीने खाल्ली जाते, तेव्हा वाढलेली पिल्लं तलावात जाण्यापेक्षा रश्शात गेली तर त्यात मला काही वावगं वाटत नाही. टाकीतल्या मादीला मात्र एकटीलाच किंवा माद्यांतच ठेवावं. आठ-दहा वर्षांच्या आयुष्यात ती अधूनमधून न फुटणारी अंडी तोंडात धरेल, काही दिवस खाणार नाही आणि मग पुन्हा दाण्यांवर येईल.