तीन सामन्यांची हजेरी

न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या आमच्या टेनिस संघाचा कॅप्टन कोर्टवर जितका वेळ घालवतो, त्याहून जास्त वेळ एक्सेलमध्ये घालवतो. गडी मूळचा नाशिकचा. त्याच्या शीटमध्ये खेळाडूंची नावं उभी आणि सामन्यांच्या तारखा आडव्या. जो खेळला त्याची चौकट हिरवी. तीन हिरव्या चौकटी भरल्या की नाव ठळक अक्षरांत जातं. मे महिना संपत आला की रात्री अकराला त्याचे मेसेज सुरू होतात आणि त्यात फोरहँडबद्दल चकार शब्द नसतो. कोणाचे किती झाले, कोणाचे राहिले, एवढंच.

संघ यूएसटीए लीगमधला, १८ वर्षांवरच्या गटातला, थ्री-फाइव्ह पातळीचा. अमेरिकेच्या टेनिस संघटनेने ही हौशी लोकांची लीग १९८० मध्ये सुरू केली. आज तिच्यात देशभरातून सुमारे ३ लाख माणसं खेळतात. बक्षिसाची रक्कम शून्य. जिंकलात तर स्थानिक लीगमधून विभागीय स्पर्धेत आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धेत जाता, तेही स्वतःच्या खर्चाने.

देशात असे १७ विभाग आहेत. न्यू जर्सीची गंमत अशी की राज्य एकच, पण विभाग दोन. एडिसनसह उत्तरेचा भाग ‘ईस्टर्न’मध्ये येतो, तर प्रिन्स्टन आणि दक्षिणेकडचा मुलूख ‘मिडल स्टेट्स’मध्ये. गाडीने अर्धा-पाऊण तास गेलं की नियमांचे बारकावे बदलतात. काही उत्साही मंडळी दोन्हीकडे नाव नोंदवतात. मात्र एकाच गटात राष्ट्रीय स्पर्धेला दोन संघांकडून जाता येत नाही.

खेळाडूंची पातळी ठरते ती एनटीआरपी नावाच्या मोजपट्टीवर. थ्री-फाइव्ह म्हणजे साडेतीन. संगणक प्रत्येक सामन्याच्या निकालावरून दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा काढत राहतो. ३.०१ ते ३.५० मध्ये असलेला माणूस थ्री-फाइव्ह, त्याच्या पुढचा फोर-ओ. हा बारीक आकडा खेळाडूला दाखवत नाहीत. वर्षअखेरीला फक्त पातळी जाहीर होते आणि मग घरोघरी सुतक किंवा पेढे. सुतक बहुधा वर गेलेल्यांकडेच असतं, कारण त्यांना जुना संघ सोडावा लागतो.

नवा माणूस आला की त्याला प्रश्नावली भरून स्वतःची पातळी स्वतःच ठरवावी लागते. शाळा-कॉलेजात खेळलात का, कुठे रँकिंग होतं का, शिकवता का, असं सगळं विचारतात. आमच्याकडे एक नागपूरचा मुलगा आला. डावखुरा, आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेला. दोघांनी त्याला हळूच सुचवलं, “अरे, नागपूरचं इथे कोण तपासायला बसलंय? नको लिहूस.” कॅप्टनने त्याला सगळं खरं लिहायला लावलं. तरीही मधली पाच-सहा वर्षं रॅकेट हातात न धरल्यामुळे तो थ्री-फाइव्हमध्येच बसला. पण त्याच्या नावापुढे ‘एस’ लागला. स्वतः ठरवलेल्या पातळीची ही खूण. अशा खेळाडूवर संगणकाची नजर कडक असते. ठरावीक मर्यादेच्या वरचा खेळ तीनदा दिसला की मोसमाच्या मध्येच त्याला त्या पातळीवरून बाद करतात. लोक याला ‘थ्री स्ट्राइक’ म्हणतात. त्याचे जिंकलेले सामनेही हातचे जाऊ शकतात.

इतका कडेकोट बंदोबस्त कशासाठी? कारण नोकरी-धंदा सांभाळून खेळणारी, पोरंबाळं असलेली माणसं एका फलकासाठी आणि फोटोसाठी मुद्दाम खालच्या पातळीत शिरतात. सँडबॅगिंग हा त्यासाठीचा शब्द या लीगमध्ये फोरहँडइतकाच वापरात आहे.

पुढचा अडसर पात्रतेचा. संघ पुढे गेला म्हणजे त्यातला प्रत्येक जण पुढे गेला असं नाही. परीक्षेला बसायला कॉलेजात हजेरी भरावी लागते, तसलाच प्रकार. विभागीय स्पर्धेसाठी त्याच संघाकडून साधारण दोन सामने आणि राष्ट्रीय स्पर्धेसाठी किमान तीन सामने खेळलेले असावे लागतात. प्रतिस्पर्धी आलाच नाही तर तो सामना खेळल्यात धरतात, पण एकदाच. ‘एस’वाल्याला तीही सवलत नाही. म्हणून नागपूरकराला कॅप्टनने मोसमाच्या सुरुवातीलाच लागोपाठ उतरवलं. समोरचा संघ अपुरा येण्याची शक्यता असेल, त्या दिवशी दुसऱ्या एकेरीत किंवा तिसऱ्या दुहेरीत तो ‘एस’ नसलेला माणूस ठेवायचा, कारण सोडायचे झाले तर शेवटचे क्रमांक आधी सोडावे लागतात.

हिशेब सोपा दिसतो, पण नाही. एका लढतीत दोन एकेरी आणि तीन दुहेरी, म्हणजे आठ माणसं लागतात. संघात सोळा जण धरले आणि मोसमात आठ लढती, तर जागा चौसष्ट. प्रत्येकाचे तीन सामने म्हणजे अठ्ठेचाळीस. उरल्या सोळा, आणि चांगल्या खेळाडूंना जास्त वेळा उतरवायचं तर ते त्या सोळांतूनच. त्यात पाऊस, गुडघे, भारतवारी आणि पोरांचे भरतनाट्यमचे क्लास.

संघातले सर्वांत वयस्क गृहस्थ पुण्याचे, साठीच्या पुढचे. पुण्यातल्या क्लबांच्या लीगमध्ये दोघांच्या वयाची बेरीज धरून दुहेरीचे गट असतात, ‘शंभर अधिक’ वगैरे. ते त्यांना फार शहाणपणाचं वाटतं. इथे ४०, ५५ आणि ६५ वर्षांवरच्यांच्या वेगळ्या लीग आहेत, पण काकांना तरुणांतच खेळायचं असतं. मोसमाच्या शेवटी कॅप्टनने त्यांना फोन लावला तेव्हा मी शेजारीच होतो.

“काका, रविवारी यायलाच हवं. तुमचे दोनच झालेत.”

“अरे, रविवारी मंडळाची मीटिंग आहे.”

“मंडळ पुढच्या रविवारीही असेल हो. आपली लीग संपतेय.”

त्या रविवारी पेच असा होता. आम्ही आणि शेजारच्या एका क्लबचा संघ, दोघांच्या जिंकलेल्या लढती सारख्याच होणार होत्या. त्यांना आम्ही ३-२ ने हरवलं होतं, त्यामुळे बरेच जण निर्धास्त होते. कॅप्टन नव्हता. बरोबरी झाली तर आधी मोसमभरातले जिंकलेले वैयक्तिक सामने मोजतात. तेही सारखे निघाले तरच आपसातली लढत पाहतात. त्यानंतर कोणी कमी सेट गमावले, मग कोणी कमी गेम. तो शेजारचा संघ एकतर ५-० ने जिंकायचा नाहीतर हरायचा. आम्ही ३-२ वाले. बेरजेत ते पुढे होते आणि गाठायचं तर आम्हाला पाचपैकी चार कोर्टं हवी होती.

पहिल्या एकेरीत कॅप्टनने आमचा कच्चा खेळाडू टाकला. आमच्या लीगमध्ये तगडा माणूस वरच्या क्रमांकावर ठेवण्याची सक्ती नाही, त्यामुळे त्या दिवशीच्या प्रतिस्पर्ध्यांचा हुकमी एक्का आमच्या कच्च्या गड्यावर खर्ची पडला. बाकी तीन कोर्टं आम्ही घेतली. लढत जिंकली होती, प्रतिस्पर्धी पिशव्या भरायला लागले होते, आणि तिसऱ्या दुहेरीत काका आणि त्यांचा जोडीदार एकेक सेटच्या बरोबरीत अडकले होते. तिसरा सेट इथे खेळत नाहीत. दहा गुणांचा टायब्रेक होतो. समोरच्या जोडीच्या लेखी त्या कोर्टला आता काहीच अर्थ उरला नव्हता. आमचे बाकीचे चौदाजण मात्र जाळीला नाक लावून उभे. काकांनी दोन लॉब असे टाकले की समोरचे दोघे एकमेकांकडे बघत राहिले. १०-८. वैयक्तिक सामन्यांची बेरीज सारखी झाली आणि मग ती जुनी ३-२ ची लढत कामाला आली.

तीन सामन्यांची अट नसती तर काका त्या दिवशी मंडळाच्या मीटिंगमध्ये असते. मला तरी या लीगचा हाच नियम सर्वांत शहाणा वाटतो. चार हुकमी माणसांवर मोसम काढायचा मोह कॅप्टनला होतोच. ही अट त्याला बाकावरच्या माणसापर्यंत जायला भाग पाडते.

विभागीय स्पर्धेत आमचा निभाव लागला नाही. एका संघाच्या ‘एस’वाल्याची सर्व्हिस परत करणं कोणाला जमेना. तक्रार करावी की नाही यावर हॉटेलच्या लॉबीत रात्री उशिरापर्यंत खल झाला आणि कॅप्टनने नको म्हटलं. नियम त्याला पकडायला होता, पण पकडणं संगणकाचं काम आणि संगणकाला पुरेसे सामने हवे असतात. हा या सगळ्या बंदोबस्तातला खरा कच्चा दुवा आहे. वर्षअखेरीला तो गडी फोर-ओ झाला, पण तोवर मोसम संपलेला होता.

त्याच यादीत आमचेही काही जण वर गेले, नागपूरकर धरून. संघ फुटला. राष्ट्रीय स्पर्धेला गेलेल्या संघांचे हाल याहून वाईट. त्यांच्यातल्या तिघांपेक्षा जास्त जणांना पुढच्या वर्षी त्याच पातळीवर सहसा एकत्र राहता येत नाही. एक तर सगळे वर जा, नाहीतर पांगा.

अमेरिकेत नव्याने आलेल्या आणि रॅकेट सोबत आणलेल्या मराठी मंडळींना एवढंच सांगणं आहे: प्रश्नावली खरी भरा, आपल्या विभागाचे त्या वर्षीचे नियम मोसमाआधी वाचा, कारण ते बदलत असतात, आणि आपले किती सामने झाले हे कॅप्टनला एप्रिलमध्येच विचारा. जूनमध्ये विचारून उपयोग नाही.