चक की कुठे ठेवली?

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक मिलिंग, आठ माणसं. टर्नर हवा असला की शेडच्या दारावर पाटी लावतो, दोन दिवसांत पोरं यायला लागतात. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात आयटीआयचं सर्टिफिकेट, आधारची झेरॉक्स, जमलं तर आधीच्या कंपनीचं पत्र. फोल्डर मी बघतो, पण टेबलापाशी फार वेळ बसवत नाही. ३२ मिलिमीटरचा एमएस बार हातात देतो. ‘२५चा कर, २० मायक्रॉनच्या आत.’

आणि बाजूला उभा राहतो. जाणता टर्नर परक्या मशीनवर लगेच हात टाकत नाही. इमर्जन्सी स्टॉप कुठे, लीव्हर कुठल्या गिअरला, हे आधी बघतो. बार जबड्यात धरल्यावर चक हाताने एक फेरा फिरवतो. मनगटातलं कडं काढून खिशात टाकतो. हातमोजे मागणारा आला की मी सावध होतो. फिरत्या जॉबमध्ये हातमोजा अडकला तर पाठोपाठ हात जातो, हे ज्याला सांगावं लागतं तो लेथवर फारसा उभा राहिलेलाच नसतो.

मग मोजणं. मायक्रोमीटरचं शून्य तपासायचं, जॉब पुसायचा, रॅचेटने माप घ्यायचं. थिंबल हाताने आवळणाऱ्याला त्याला हवं ते माप मिळतं. कट घेतल्याघेतल्या मोजणाऱ्याचीही मी नोंद घेतो. २५चा स्टीलचा बार ५० अंशांनी तापला तर सुमारे १४ मायक्रॉन फुगतो. २० मायक्रॉनच्या कामात एवढं पुष्कळ झालं. थोडा थांबणारा, जॉब गार होऊ देणारा मुलगा मला आवडतो, मग त्याला अर्धा तास जास्त लागला तरी चालेल.

पाच वर्षांत चार नोकऱ्या बदललेल्या माणसाला माझे अनेक व्यवसायबंधू दारातूनच परत पाठवतात. मला ते पटत नाही. आमच्यासारख्या लहान शेडमध्ये ऑर्डर थांबली की पहिला घरी जातो तो कामगार. मंदीत, लॉकडाऊनमध्ये किती शटर खाली आली ते आपण पाहिलंय. त्याचा दोष त्या पोराच्या कपाळी का मारायचा? पगारासाठी घासाघीस करणाऱ्यातही मला खोट दिसत नाही. ज्याला आपल्या हाताची किंमत कळते तोच ती मागतो.

एक प्रश्न मात्र मी सगळ्यांना विचारतो. ‘शेवटचा जॉब मायनस कधी गेला?’ म्हणजे मापापेक्षा कमी कधी कापला गेला. ‘माझ्याकडून कधीच नाही, शेठ,’ असं उत्तर आलं की मी बोलणं आवरतं घेतो. लेथवर उभा राहिला आणि एकही जॉब मायनस गेला नाही, असा टर्नर मी पाहिलेला नाही. असा माणूस उद्या बिघडलेला पीस चांगल्यांच्या ट्रेमध्ये सरकवेल, आणि तो सापडेल गिऱ्हाइकाच्या असेंब्लीत. ‘मागच्या महिन्यात दोन गेले, टूल घासलं होतं, माझ्या लक्षात उशिरा आलं,’ असं सांगणाऱ्याला मी ठेवून घेतो.

हे सगळं कळत असूनही एकदा मी चुकलो. काही वर्षांपूर्वी एक टर्नर आला. हात वेगवान, बोलणं लाघवी, माप अचूक. बार आवळल्यावर त्याने चक की, म्हणजे चक आवळायची चावी, चकमध्येच ठेवली आणि टूल लावायला वळला. मीच ती काढून ट्रेमध्ये ठेवली. त्याला एका शब्दाने बोललो नाही. डिस्पॅच तुंबला होता, माणूस तातडीने हवा होता.

तिसऱ्या आठवड्यात की तशीच चकमध्ये राहिली आणि मशीन चालू झालं. की उडाली ती पलीकडे ड्रिलवर उभ्या असलेल्या हेल्परच्या कपाळावर. सहा टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. त्या टर्नरला मी काढलं, पण दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना डोळ्यांसमोर येत होता तो माझाच हात, न बोलता की उचलणारा.

तो हेल्पर आता माझ्याकडे टर्नर आहे. ट्रायल त्याच्याच मशीनवर होते. नवीन मुलाने बार आवळला की तो आधी चक कीकडे बघतो, आणि की चकमध्येच दिसली तर ट्रायल तिथेच थांबवतो. त्यापुढे मी शब्द टाकत नाही.