तेराव्यानंतरचे दिवस

दीर्घ आजारपणातून माणूस गेलं की भेटायला येणारे म्हणतात, "सुटले हो बिचारे." ते खरंच असतं. पण महिनोन्‌महिने उशाशी बसलेली बायको, रजा संपल्यावर बिनपगारी रजा घेतलेला मुलगा, दर दोन तासांनी कूस बदलून देणारी सून यांचं पुढे काय, हे कुणी विचारत नाही.

काकांचं शेवटचं आजारपण दिल्लीत, सरोजिनी नगरमधल्या माझ्या चुलतभावाच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. आधी त्यांचे पोहे सुटले, मग वर्तमानपत्र, मग नातवंडांची नावं. प्रत्येक वेळी काकू रडायच्या, पण मोरीत, नळ मोठा सोडून. तेव्हा त्यांचं सांत्वन करायला कुणी आलं नाही, कारण माणूस अजून होता ना! दुःख मात्र कधीच सुरू झालं होतं.

काका गेल्यावर शेजारच्या पंजाबी कुटुंबाने चहापासून जेवणापर्यंत सगळं सांभाळलं. त्यांच्याकडे चौथा, आपल्याकडे दहावा-तेरावा. घर भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी ते एकदम रिकामं झालं. हवेची गादी परत गेली, उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्याही. काकू रात्री दोन वाजता उठून बसत. कूस बदलायची वेळ झालेली असे आणि पलंगावर कुणी नसे.

काकांच्या उपचारांसाठी घरी येणाऱ्या पथकातली समुपदेशक त्यानंतरही भेटायला येत राहिली. औषध नाही, कागदपत्र नाही, नुसती बसायला. तिच्यापाशी काकू एकदा बोलल्या, "मीच देवाला म्हटलं होतं, आता ने यांना. मीच मागितलं ना त्यांचं मरण?" आम्हा घरच्यांना हे त्यांनी कधी सांगितलं नसतं आणि सांगितलं असतं तर "असं बोलू नका" म्हणून आम्ही त्यांना गप्प केलं असतं. त्या मुलीने गप्प केलं नाही. रोज वेदना पाहणारी जवळजवळ सगळीच माणसं कधीतरी हे मागतात, एवढंच ती म्हणाली. काकू त्या दिवशी नळ न सोडता रडल्या.

मृत्यूनंतरची ही भेट म्हणजे कुणाचा वैयक्तिक चांगुलपणा नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांचं शुश्रूषाघर, सुरू केलं, तेव्हापासून मागे राहणाऱ्यांचा विचार या कामात आहे. अशा शुश्रूषेच्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या, जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली केलेल्या व्याख्येतही रुग्णाच्या आजारपणात आणि त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला आधार देणं येतं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली वांद्र्याला डॉ. लुईस डिसोझा यांनी उभारलं. त्याची दिल्लीची शाखा सरोजिनी नगरपासून जवळच, सफदरजंग रुग्णालयाच्या परिसरात आहे. स्वतः कर्करोगातून उठलेल्या हरमाला गुप्ता यांनी १९९६ साली 'कॅनसपोर्ट' ही संस्था दिल्लीत स्थापन केली. तिची डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक अशी पथकं घरोघरी जातात, तीही विनामूल्य. एवढं जवळ असून कितीतरी घरांना या सेवेचा पत्ता अगदी शेवटच्या आठवड्यात लागतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण अनोळखी माणसापाशी मन उघडायला वेळ लागतो आणि तो वेळ रुग्ण असतानाच मिळायला हवा.

शोकाला सोबत प्रत्येक वेळी मिळतेच असं नाही. २९ ऑक्टोबर २००५ला, दिवाळीच्या तोंडावर, याच सरोजिनी नगरच्या बाजारात बॉम्बस्फोट झाला. त्या मृत्यूंचा शोक साऱ्या शहराने केला. बंद दाराआड महिनोन्‌महिने चाललेल्या मरणाचा शोक मात्र त्या एका घरालाच करावा लागतो.

आता सरोजिनी नगरमधल्या जुन्या क्वार्टर्स पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या, शेजारी पांगले. न सांगता डबा घेऊन येणारं माणूस आता भिंतीपलीकडे असेलच असं नाही. म्हणून दिल्लीतल्या मराठी मंडळांकडे माझं एक मागणं आहे. गणपतीच्या वर्गणीची यादी प्रत्येक मंडळाकडे असते. तशीच कुणाच्या घरी रुग्ण अंथरुणाला खिळला आहे याचीही नोंद, त्या घरच्यांना विचारून, ठेवावी. दोन-चार जणांनी अशा पथकांकडून ऐकून घेण्याचं शिक्षण घ्यावं. आजारपणातच त्या घरी जायला सुरुवात करावी, आणि तेराव्यानंतरच्या आठवड्यात नक्की जावं. दुपारी तीनच्या सुमाराला, कारण मुलं ऑफिसात असतात आणि काकूंसारखी बाई तेव्हा घरात एकटी असते.