शिखरजीला डोली चालते, मग साताऱ्यात खुर्ची का नको?

मैत्रिणींनो, आमच्या यांना पार्किन्सन होऊन आता नऊ वर्षं झाली. आधी काठी आली, मग वॉकर आणि गेल्या वर्षी चाकाची खुर्ची. काठीला हे लगेच तयार झाले. वॉकरला महिनाभर कुरकुरले. खुर्चीला मात्र चार महिने नाहीच म्हणत होते. "राजवाड्यावर सगळे ओळखीचे. लोक बघतील," एवढंच उत्तर. त्या चार महिन्यांत आम्ही ना मंदिरात गेलो, ना कुणाच्या लग्नाला. सांगलीला यांच्या अक्का आहेत, वय ८४. त्यांनाही प्रवास झेपत नाही. दोघं बहीण-भाऊ फोनवरच बोलायचे, आणि यांचा आवाज बारीक झाल्यामुळे अक्कांना अर्धं ऐकू यायचं नाही.

एका दुपारी मी विचारलं, "अहो, सासूबाई शिखरजीला डोलीत बसल्या होत्या, तेव्हा कुणी हसलं का?" सम्मेद शिखरजीची चढण, वरची वंदना आणि उतरण मिळून २७ किलोमीटर होतात. ज्यांच्या पायांत बळ नाही ते डोलीतून जातात. त्यांची वंदना कमी प्रतीची, असं कुणी म्हणत नाही. उलट, या वयातही आल्या म्हणून लोक हात जोडतात. मग सपाटीवर चाकांच्या खुर्चीत बसलं तर लाज कसली? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी तर आपल्या आत्मकथेचं नावच 'चाकाची खुर्ची' ठेवलं. हे काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, "आधी अक्काकडे जाऊ. राजवाड्याचं नंतर बघू."

आता कामाच्या गोष्टी सांगते, कारण या मला कुणी एका जागी सांगितल्या नव्हत्या.

पार्किन्सनमध्ये पाय एकदम जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. गंमत म्हणजे सपाट फरशीवर अडणारा माणूस जिना चढून जातो. मूळच्या पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने आपल्या काकांचं हेच पाहिलं आणि सपाट जमिनीवर जिन्याचं चित्र चिकटवलं. काका त्यावरून चालत गेले. मी घरात न्हाणीघराच्या वाटेवर एकेका पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्या आहेत. प्रत्येक वेळी नाही, पण पुष्कळदा पाऊल उचललं जातं. वॉकरही सगळ्यांना एकच चालत नाही. उचलून ठेवायच्या वॉकरने यांची लय तुटायची, तर चाकांचा पुढे पळायचा. म्हणून फिजिओथेरपिस्टसमोर चालून बघूनच घ्यावा.

खुर्ची घेताना आधी टेप घेऊन घरातले दरवाजे मोजा. न्हाणीघराचा दरवाजा बहुतेक घरांत सगळ्यांत अरुंद असतो. हात आणि पाय ठेवायचे भाग निघणारे असतील तर पलंगावरून खुर्चीत सरकवणं सोपं जातं. उतार करताना एक इंच उंचीला बारा इंच लांबी धरा. म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. गवंडी दोन-तीन फुटांत उरकायला बघतो, पण तशा उतारावर मागून ढकलणाऱ्या बाईचीच कंबर जाते.

गाडीचं गणित मी कॉमर्सवालीच्या पद्धतीने मांडलं. खुर्चीसकट आत घेणारी खास गाडी घ्यावी, असं मुलाचं म्हणणं. आमच्या फेऱ्या महिन्याला दोन. वर्षाच्या २४ फेऱ्यांवर गाडीची किंमत, विमा आणि देखभाल वाटली, तर भाड्याची गाडी कितीतरी स्वस्त पडते. मात्र ती ठरवताना दोन गोष्टी विचारते. एक, सीट किती उंच आहे? साधारण आपल्या नितंबाच्या उंचीची हवी. फार खाली असेल तर उठता येत नाही, फार वर असेल तर चढता येत नाही. दुसरी, गाडी सीएनजीची आहे का? असेल तर डिकीत टाकी असते आणि घडी केलेली खुर्ची मावत नाही. बसवताना पुढची सीट पूर्ण मागे सरकवायची, सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरायची, आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. माणूस अलगद फिरतो. निघताना पिशवी काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक लागला की घसरतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सनही आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करून ठेवा.

सांगलीला आम्ही सकाळी गेलो. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने यांचं अंग मोकळं होतं, ती वेळ गाडीत बसण्यासाठी धरली. कराडला थांबलो, पुढे पेठ नाक्यावरून आष्ट्यामार्गे सांगली. परतताना सूर्यास्ताआधी जेवण व्हावं म्हणून डबा बरोबर होता. अक्कांनी खुर्चीकडे पाहिलंच नाही. त्या शेजारी बसल्या, यांचा हात हातात घेतला आणि कानाजवळ तोंड नेऊन बोलत राहिल्या. तीन तास. फोनवर न ऐकू आलेलं सगळं भरून निघालं.

राजवाड्यावर आम्ही पुढच्या रविवारी गेलो. लोकांनी बघितलं. चौघांनी थांबून चौकशी केली, एकाने खुर्ची कुठे घेतली ते विचारलं. त्याच्या वडिलांसाठी हवी होती.

घरखर्चाच्या वहीत खुर्चीची रक्कम मी औषधपाण्याखाली लिहिलेली नाही. ती प्रवासखर्चात धरली आहे.