नातवाचा गेमिंग कॉम्प्युटर

मंडळी, सत्तरी ओलांडलेल्या मराठीच्या मास्तरानं गेमिंग कॉम्प्युटरवर लिहावं, याचं काहींना हसू येईल. येऊ दे! गेला महिनाभर आमच्या घरी दुसरा विषयच नव्हता.

नातवाला गेमसाठी नवा कॉम्प्युटर हवा होता आणि मुलाला तो मुळीच नको होता. "एवढ्या पैशात कॉलेजची फी निघते," असं एकाचं. "सगळ्यांकडे आहे," असं दुसऱ्याचं. हळूहळू दोघं माझ्यामार्फत बोलायला लागले. "बाबांना सांगा", "त्याला सांगा"... अगदी जेवायला बसल्यावरसुद्धा. शेवटी मी तोड काढली. नवा घ्यायचा नाही, घरातलाच सुधारायचा, खर्च माझ्या पेन्शनमधून. अट एकच. कुठला भाग कशासाठी, ते नातवानं मला मराठीत समजावून द्यायचं. पटलं तरच पैसे!

आमचा कॉम्प्युटर म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून निघालेला सेकंडहँड डबा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून आधी यावर विंडोज ११ चालेल का ते पाहिलं. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा, म्हणजे चालेल. तो त्याच्या आधीचा असता तर जुन्यावर खर्च करण्यात अर्थ नव्हता.

मग नातू म्हणाला, "आजोबा, ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्रकार. सेकंदाला ६० चित्रं काढायची. कुठे काय आहे ते प्रोसेसर सांगणार, हा रंगवणार." मी म्हटलं, मग सगळ्यात मोठा चित्रकार का नको? तर म्हणे, प्रोसेसर मागे पडला तर कार्ड नुसतं वाट बघत बसतं. शिवाय त्याला वीज कोण देणार?

इथे मला आमची कुंडलिका आठवली. भिऱ्याला टाटांचं वीजकेंद्र १९२७ पासून आहे. मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून खाली येतं, वीज तयार करतं आणि पुढे नदीत सुटतं. ते सुटलं की कोलाडच्या राफ्ट निघतात. पाणी सुटेल तेवढीच मजा, आणि राफ्टमध्ये एकट्यानं जोरात वल्हवून उपयोग नाही, सगळ्यांचा हात बरोबर पडावा लागतो. कॉम्प्युटरमध्ये पाणी सोडायचं काम एसएमपीएसचं. आमच्यावर २४० वॅट लिहिलेलं. काही मोठी कार्डं एकटीच याहून जास्त वीज खातात!

मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. २०२४ साली आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॅटमध्ये भागवतं, त्यामुळे बहुधा वेगळी वायर लागत नाही. फूटपट्टीनं आतली जागा मोजली आणि तेच घेतलं. रॅम ८ जीबीची एकच पट्टी होती, तशीच दुसरी घातली. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. जास्त घेतली नाही, कारण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयची डेटा सेंटरं चिप उचलतात आणि झळ कोलाडच्या मास्तराला! जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली, आणि कॉम्प्युटर चालू होईपर्यंत चहा करून आणायची सवय मोडली.

जोडणी नातवानंच केली. प्लग काढायचा, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा, मगच आत हात घालायचा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डाला लावायची, नाहीतर चित्रकार बेकार. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं, कारण कोकणातल्या पावसात विजेचा भरवसा नाही. म्हणून यूपीएससुद्धा.

दुसऱ्या दिवशी मुलगा ऑफिसातून आला, उघड्या डब्यात डोकावला आणि मला नव्हे, थेट पोराला विचारलं, "या कार्डाला वायर कशी नाही रे?" उत्तर पार भिऱ्यापासून सुरू झालं. मी उठून अंगणात गेलो.

असो. तुमच्या घरी असा हट्ट झाला तर दुकानात जाण्याआधी डबा उघडा, एसएमपीएसवरचा आकडा वाचा आणि पोराला समजावून सांगायला लावा. गेम किती तास खेळायचा, यावर मात्र आमच्याकडे अजून वाटाघाटी चालू आहेत. पण आता त्या माझ्यामार्फत होत नाहीत.